भीतीचं गणित : कारपेंटरचा बेस्ट कोणता, वर्स्ट कोणता?

हॉस्टेलवर तीन वाद कधीच संपत नाहीत. मेसमधली आमटी नक्की कशाची होती, रूममधला फॅन कितीवर ठेवायचा आणि कोणता पिक्चर भारी. पहिल्या दोन वादांना संपादक मंडळ जागा देणार नाही, म्हणून हा लेख तिसऱ्यावर!

त्यातही मी एकाच माणसाबद्दल लिहिणार आहे. जॉन कारपेंटर. अमेरिकन दिग्दर्शक, जन्म १९४८ चा. आमच्या विंगमध्ये हॉरर बघणाऱ्या मुलींचा एक कंपू आहे. तिथे याचं नाव निघालं की जर्नल, फाईल, व्हायवा सगळं बाजूला पडतं. कारण या माणसाने काही पिक्चर असे काढलेत की दिवा बंद करून झोपवत नाही, आणि काही असे की दिवा चालू असूनही झोप येते. त्यामुळे त्याचा बेस्ट कोणता आणि वर्स्ट कोणता यावर जगभरचे फॅन वर्षानुवर्षं भांडतायत. आपणही का भांडू नये?

(आधीच सांगून ठेवते, पुढे बऱ्याच पिक्चरचे शेवट फोडले आहेत. नंतर शिव्या घालू नयेत.)

हा कारपेंटर कोण?

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वडील संगीताचे प्राध्यापक. हा सिनेमा शिकायला लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात गेला. त्याचा पहिला मोठा पिक्चर 'डार्क स्टार' (१९७४) हा मुळात स्टुडंट प्रोजेक्ट होता. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टसारखाच पुरवून पुरवून, जमेल तसे पैसे गोळा करत पूर्ण केलेला. एकूण खर्च सुमारे ६० हजार डॉलर. त्यात परग्रहावरचा प्राणी दाखवायला पैसे नव्हते, म्हणून चक्क समुद्रावर खेळायचा हवेचा बॉल रंगवून त्याला पाय लावले! या पिक्चरचा सहलेखक डॅन ओ'बॅनन. त्याने पुढे हीच 'यानात शिरलेला प्राणी'ची कल्पना हसण्याऐवजी घाबरवण्यासाठी वापरली आणि 'एलियन' (१९७९) लिहिला.

कारपेंटरची अजून एक खासियत म्हणजे आपल्या बहुतेक पिक्चरचं संगीत तो स्वतःच देतो, तेही सिंथेसायझरवर. म्हणजे लेखक, दिग्दर्शक, संगीतकार, सगळं एकाच माणसात. बजेट कमी असलं की असंच होतं.

कोण कोणाच्या बाजूने?

वादात साधारण तीन पार्ट्या पडतात.

पहिली 'हॅलोविन' (१९७८) पार्टी. यांचं म्हणणं साधं आहे. मास्कवाला खुनी, एकटी पडलेली मुलगी आणि शांत गल्ली हा सगळा साचा लोकांच्या डोक्यात पक्का बसवला तो या पिक्चरने. नंतर आलेल्या शेकडो पिक्चरनी त्याची कॉपी मारली.

दुसरी 'द थिंग' (१९८२) पार्टी. अंटार्क्टिकावरच्या एका तळावर १२ माणसं. त्यांच्यात एक असा जीव शिरतो जो कोणाचंही हुबेहूब रूप घेऊ शकतो. आता तुमच्या शेजारी बसलेला मित्र, मित्रच आहे का?

तिसरी पार्टी लहान पण कट्टर. ही 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' (१९८७) किंवा 'इन द माऊथ ऑफ मॅडनेस' (१९९५) वाल्यांची. 'प्रिन्स'मध्ये तर फिजिक्सचे पोस्ट ग्रॅज्युएट विद्यार्थी आपली उपकरणं घेऊन एका जुन्या चर्चमध्ये राहायला जातात आणि तळघरातल्या हिरव्या द्रवाचा अभ्यास करतात. लॅबमध्ये रात्र काढलेल्या कोणालाही हा पिक्चर आपला वाटेल.

वर्स्टच्या बाबतीत मात्र नावं ठरलेली आहेत. 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड' (१९९५), 'घोस्ट्स ऑफ मार्स' (२००१) आणि 'द वॉर्ड' (२०१०). भांडण असतं ते यातला तळाचा कोणता यावर.

पैशाने मोजलं तर?

आपण इंजिनिअर, तेव्हा आकड्यांपासून सुरुवात करू. 'हॅलोविन'चा खर्च सुमारे सव्वातीन लाख डॉलर आणि अमेरिकेतली कमाई सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर. म्हणजे जवळजवळ १४५ पट. 'द फॉग' (१९८०) चा खर्च सुमारे ११ लाख, कमाई २ कोटी १० लाखांच्या आसपास, म्हणजे १९ पट. 'द थिंग'ला लागले दीड कोटी डॉलर आणि आले सुमारे १ कोटी ९६ लाख. जेमतेम १.३ पट. त्यात थिएटरवाल्यांचा वाटा वजा केला की तोटाच. 'घोस्ट्स ऑफ मार्स'ला २ कोटी ८० लाख लागले आणि आले त्याच्या निम्मे.

आता या मापाने 'द थिंग' कुठे बसतो बघा. नापास मुलांच्या बाकावर, 'घोस्ट्स ऑफ मार्स'च्या शेजारी! आणि तरी आज बेस्टचा प्रश्न निघाला की सगळ्यात जास्त हात त्याच्यासाठीच वर होतात. म्हणजे मापात काहीतरी गडबड आहे.

समीक्षकांचं माप घेतलं तर आणखी मजा. 'द थिंग' २५ जून १९८२ ला लागला. त्याच्या दोनच आठवडे आधी, ११ जूनला, स्पीलबर्गचा 'ई.टी.' लागला होता. सगळी अमेरिका एका गोंडस परग्रहवासीयाच्या प्रेमात पडलेली, आणि इकडे कारपेंटर कुत्र्याचं तोंड फुटून त्यातून सोंडा बाहेर येताना दाखवतोय! त्याच दिवशी 'ब्लेड रनर'ही लागला आणि तोही आपटला. समीक्षकांनी 'द थिंग'ला किळसवाणा म्हणून झोडपलं. दरवर्षीच्या सगळ्यात वाईट कामाला देतात त्या रॅझी पुरस्कारांत याच्या संगीताला 'वर्स्ट'चं नॉमिनेशन मिळालं. हे संगीत होतं एन्नियो मॉरिकोनेचं. या वेळी कारपेंटरने स्वतः न करता ते त्याच्याकडून करून घेतलं होतं. पुढे टॅरँटिनोच्या 'द हेटफुल एट'मध्ये मॉरिकोनेच्या नव्या संगीताबरोबर 'द थिंग'साठी केलेले पण न वापरलेले तुकडेही घेतले गेले, आणि त्या पिक्चरच्या संगीताला २०१६ साली ऑस्कर मिळालं. काय म्हणायचं याला?

हे ऐकून हसू येतं, पण कारपेंटरला ते महागात पडलं. स्टीफन किंगच्या 'फायरस्टार्टर' या कादंबरीवरचा पिक्चर त्याच्याकडे होता. 'द थिंग' आपटल्यावर तो काढून घेतला गेला. मग त्याने 'क्रिस्टीन' (१९८३) घेतला, तो निव्वळ काम हवं म्हणून. (मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगते, त्यात चेपलेली गाडी आपोआप सरळ होते तो सीन जरूर बघा. गाडीच्या आत हायड्रॉलिक पंप बसवून बॉडी आत ओढली आणि फिल्म उलटी चालवली. बास, एवढंच!) म्हणजे 'वर्स्ट' हा शिक्का काही गंमत नसते. पहिल्या काही आठवड्यांत लोकांनी तो मारला आणि एका माणसाच्या कामाची दिशा बदलली. पिक्चर मात्र तोच राहिला. तो पुढे व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवरून लोकांपर्यंत पोचला आणि हळूहळू वर आला.

मग माप कोणतं लावायचं?

मला असं वाटतं की हॉररचं काम घाबरवणं, तर माप भीतीचंच लावलं पाहिजे. आणि भीती कशाने वाटते हे बघितलं पाहिजे. राक्षस किती भयानक आहे यावर ती फारशी अवलंबून नसते. ती असते माहितीवर. कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला काय माहीत नाही, यातल्या फरकावर. या फरकाला आपण सोयीसाठी 'दरी' म्हणू. दरी जेवढी मोठी आणि जेवढा वेळ उघडी, तेवढी भीती जास्त. हा माझा फंडा. आता एकेका पिक्चरला लावून बघू.

'हॅलोविन'. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे १ नोव्हेंबरचा ऑल सेंट्स डे मला माहीत. त्याच्या आदली रात्र म्हणजे हॅलोविन. अमेरिकेत त्या रात्री पोरं मास्क लावून दारोदार फिरतात. म्हणजे मास्क लावलेला माणूस रस्त्यात दिसला तरी कोणाला वावगं वाटणार नाही अशी ही वर्षातली एकच रात्र! मायकेल मायर्स हा खुनी वेड्यांच्या इस्पितळातून पळून आपल्या गावी येतो. तो लॉरी नावाच्या मुलीच्या मागे आहे हे आपल्याला दिवसाढवळ्या दिसतं. कुंपणाआड, रस्त्यापलीकडे, वाळत घातलेल्या कपड्यांत. लॉरीला कुठे काही दिसल्यासारखं वाटतं आणि पुन्हा बघते तर काही नाही. इथे आपल्याला जास्त माहीत, तिला कमी. आपण मनात ओरडतो, "अगं बाई, मागे बघ!" पण ती बघत नाही.

शेवटाकडे लॉरी एका अंधाऱ्या दारापाशी उभी असते. हळूहळू त्या अंधारातून पांढरा मास्क उजळत जातो. कॅमेरामन डीन कंडीने तिथे एक छोटा दिवा डिमरवर लावून सावकाश वाढवला होता. एवढीशी युक्ती! आणि तो मास्कही काय, 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा दोन डॉलरच्या आतला मास्क, पांढरा रंगवलेला. पिक्चर कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत शूट झाला, त्यामुळे पानगळ दाखवायला कागदी पानं रंगवून पसरायची आणि सीन झाला की पुन्हा गोळा करून पोत्यात भरायची!

संगीताचंही तसंच. आवाज आणि संगीत घालण्याआधी कारपेंटरने हा पिक्चर एका मोठ्या स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला, तर त्या अजिबात घाबरल्या नाहीत. मग त्याने ती प्रसिद्ध ट्यून घातली. ती ५/४ तालात आहे. हा ताल त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. आपले कान चारच्या हिशोबाला सरावलेले असतात. इथे चार झाले की एक उरतोच. बारीक मोजलं तर ३+३+२+२ असे दहा. झपतालही दहाचाच, पण त्याचे भाग २+३+२+३ असे पडतात. तबला शिकलेल्यांनी वाजवून बघावं. ट्यून कुठे टेकतच नाही, सतत पुढे ढकलत राहते.

'द थिंग' माझ्या फंड्याला पहिला धक्का देतो असं वाटतं. कारण इथे लपवाछपवी नाही, सगळं दाखवलंय. २२-२३ वर्षांच्या रॉब बॉटिनने रबर, रसायनं आणि यंत्रं वापरून असे प्राणी बनवले की आजही पोटात ढवळतं. (या कामापायी तो इतका थकला की शेवटी त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. आपल्यापेक्षा दोन-तीनच वर्षांनी मोठा!) मग दरी कुठे गेली?

दरी आहे, पण ती प्राण्यात नाही, माणसांत आहे. प्राणी कसा दिसतो हे कळतं, पण तो कोणात आहे हे कळत नाही. 'हॅलोविन'मध्ये आपल्याला पात्रांपेक्षा जास्त माहीत होतं. इथे आपणही पात्रांइतकेच आंधळे. पिक्चरमधला रक्ताच्या टेस्टचा सीन घ्या. मॅकरेडीचं हायपोथेसिस असं की या जीवाचा प्रत्येक थेंब हा स्वतंत्र जीव आहे, त्यामुळे तापलेली तार लावली की रक्त स्वतःला वाचवायला बघेल. सगळ्यांना बांधून प्रत्येकाचं रक्त वेगळ्या बशीत घेतलं जातं. पहिला विंडोज, क्लीन. मग मॅकरेडी स्वतः, क्लीन. मग मेलेल्या दोघांचं रक्त, तेही क्लीन. त्यातल्या एकाला मॅकरेडीनेच थोड्या वेळापूर्वी गोळी घातलेली असते! म्हणजे तो माणूसच होता. मग मॅकरेडी गॅरीशी वाद घालत, जवळजवळ न बघताच पुढच्या बशीत तार घालतो. आपलंही लक्ष गॅरीवर. आणि नेमकं तेव्हाच रक्त उडी मारतं. हा आहे प्रॅक्टिकलचा सीन! चार निगेटिव्ह रीडिंगनंतर आपण बेसावध होतो हे कारपेंटरला पक्कं माहीत होतं. आणि शेवटी उरलेले दोघं बर्फात एकमेकांसमोर बसतात, तरी दरी बंद होतच नाही. पिक्चर संपतो. लोक अजून भांडतायत.

'द फॉग'मध्ये धुकं हीच दरी. पहिला कट बघून कारपेंटरला स्वतःलाच तो जमलेला वाटला नाही, म्हणून जवळजवळ एक तृतीयांश पिक्चर त्याने नव्याने शूट केला. 'प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये सगळ्यांना एकच स्वप्न पडतं. ते स्वप्न नसून भविष्यातून पाठवलेला, खरखरणारा मेसेज आहे, आणि दर वेळी थोडा जास्त दिसतो. मधले संवाद रटाळ आहेत हे मान्य. पण ते स्वप्न डोक्यातून जात नाही.

आता तळाचे तीन

'घोस्ट्स ऑफ मार्स'. मंगळावरच्या खाण वस्तीतल्या माणसांना तिथली जुनी भुतं झपाटतात. पिक्चर सुरू होतो तेव्हा नायिका परत आलेली आहे आणि चौकशी समितीला घडलेलं सांगतेय. म्हणजे ती वाचली हे आधीच ठरलं! मग फ्लॅशबॅक, त्यात दुसऱ्याचा फ्लॅशबॅक. जे एकाला दिसलं ते तो लगेच दुसऱ्याला सांगतो आणि आपल्यालाही पुन्हा दाखवतात. सगळ्यांना सगळं माहीत. दरी शून्य. भुतं समोर येऊन ओरडतात, हे गोळ्या घालतात, मागे जोरात मेटल वाजतं. वाद घालणारे सांगतात की हा हॉरर म्हणून बघूच नका, थोड्या लोकांनी वेढ्यात अडकून लढायची वेस्टर्न स्टाईलची गोष्ट आहे, कारपेंटरने १९७६ च्या 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३'मध्ये केली तशी. मुद्दा बरोबर आहे. तशी बघितली तर टाईमपास होतो. पण भीतीच्या पेपरात मार्क नाहीत.

'व्हिलेज ऑफ द डॅम्ड' हा १९६० च्या ब्रिटिश पिक्चरचा रिमेक. गावात एकाच वेळी जन्मलेली, मन वाचणारी थंड डोळ्यांची मुलं. ती काय करू शकतात हे लवकर कळतं आणि मग तेच पुन्हा पुन्हा. डोळे चमकले की कोणीतरी मेलं. फक्त शेवटी नायक बॉम्ब घेऊन मुलांसमोर बसतो आणि मन वाचता येऊ नये म्हणून डोक्यात विटांची भिंत उभी करतो, तेव्हा पहिल्यांदा दरी उघडते आणि आपण सरसावून बसतो. ही युक्ती मूळ पिक्चरचीच आहे, पण चालते!

'द वॉर्ड' मात्र माझ्या फंड्याला खरा धक्का देतो. यात मोठं रहस्य शेवटपर्यंत लपवलेलं आहे. म्हणजे दरी भरपूर. मग भीती का वाटत नाही? आमच्या कंपूतल्या एका कॉम्प्युटरवालीने हा प्रश्न टाकला आणि दोन दिवस मी गप्प होते. उत्तर असं की त्या दरीचा आपल्याला पत्ताच नसतो. 'द थिंग'मध्ये 'कोण?' हा प्रश्न प्रत्येक मिनिटाला समोर असतो. 'द वॉर्ड'मध्ये प्रश्न कळतो तो उत्तराबरोबरच. आश्चर्य वाटतं, पण आश्चर्य म्हणजे भीती नव्हे. म्हणून फंड्यात सुधारणा : दरी नुसती असून चालत नाही, ती बघणाऱ्याला दिसली पाहिजे.

कसा बघितला तेही महत्त्वाचं

वाद घालण्याआधी समोरच्याला एक प्रश्न विचारा : तू पिक्चर कशावर बघितलास? 'हॅलोविन' आणि 'द थिंग' २.३५:१ अशा रुंद फ्रेममध्ये शूट केलेत. जुन्या टीव्हीचा पडदा १.३३:१. पडदा भरावा म्हणून टीव्ही आणि कॅसेटवर बाजू कापून दाखवायचे. १.३३ ला २.३५ ने भागा. ०.५७ येतं. म्हणजे ४३ टक्के चित्र गायब! आणि कारपेंटर तर माणूस फ्रेमच्या अगदी कडेला उभा करतो. कडाच कापली तर मायकेल मायर्सच कापला जायचा. आज लॅपटॉप १६:९ चा, म्हणजे १.७८. त्यावरही 'स्क्रीन भर'चा पर्याय दाबलात तर २४ टक्के जातं. तेव्हा वरखाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू देत. आणि लॅपटॉपच्या टिनपाट स्पीकरवर ती ट्यून ऐकून 'काही खास नाही' म्हणणाऱ्यांचं मत धरू नये.

तर निकाल. भीतीच्या मापाने माझा बेस्ट 'द थिंग', एका नाकाच्या फरकाने 'हॅलोविन'च्या पुढे, कारण 'हॅलोविन'मध्ये कोणापासून पळायचं हे तरी माहीत असतं. वर्स्ट 'घोस्ट्स ऑफ मार्स'. पण परीक्षा संपल्यावर रूममध्ये सगळ्यांनी मिळून आरडाओरडा करत एक पिक्चर बघायचा असेल, तर 'व्हिलेज' आणि 'वॉर्ड' सोडून मी तोच लावीन. वर्स्ट आणि कंटाळवाणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमचा निकाल वेगळा असेल. असू दे. फक्त पुढच्या वेळी कोणी 'हा त्याचा सगळ्यात भंगार पिक्चर' म्हणालं की भांडायच्या आधी एवढं विचारा : कोणत्या मापाने? १९८२ मध्ये हा प्रश्न फार थोड्या लोकांनी विचारला होता.

आणि ज्यांनी यातला एकही बघितला नाही त्यांनी 'द थिंग'पासून सुरुवात करावी. मेसचं जेवण झाल्यावर लगेच मात्र नको.